आयएलएस ॲप्रोचवर ऑटोपायलट किती नेमका? दिवाळी ते मे, सात महिन्यांचा अनुभव

दिवाळीत नवा कॉम्प्युटर आणि जॉयस्टिक घेतली. तेव्हापासून जवळपास रोज विमानाच्या सिम्युलेटरवर माझा एकच सराव चालतो: उमरेडच्या बाजूने यायचं आणि नागपूरच्या ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवर आयएलएसने, म्हणजे धावपट्टीजवळून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या आधाराने, उतरायचं. घर सोमलवाड्यात असल्यामुळे गच्चीवरून खऱ्या विमानांचे दिवे दिसतात. ताणलेल्या दोरीवरून सरकावीत तशी ती खाली येतात. माझं पडद्यावरचं विमान तसं येत नव्हतं आणि ते मला मनापासून खटकायचं.

सात महिन्यांनंतरचं माझं मत असं की ऑटोपायलट (विमान आपोआप चालवणारी यंत्रणा) फारच थोड्या वेळा चुकतो. आपण विमान त्याच्या हाती कोणत्या अवस्थेत देतो, यावर सगळं ठरतं.

सुरुवातीला मी घाई करायचो. वेग १८० नॉट (ताशी नॉटिकल मैल), लोकलायझरला (धावपट्टीच्या मधल्या रेषेवर आणणारा आयएलएसचा संकेत) साठ अंशांत छेद, आणि उंची ग्लाइडस्लोपच्या (उतरण्याची तिरकी रेषा दाखवणारा संकेत) वर. अशा वेळी विमान मधली रेषा ओलांडून पलीकडे जातं, परत वळतं, पुन्हा ओलांडतं. आता तीस अंशांच्या आत छेद घेतो, फ्लॅप (कमी वेगात उचल देणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) आधी काढतो आणि ग्लाइडस्लोप नेहमी खालूनच पकडतो. वरून पकडायला गेलं की विमान नाक खाली घालून वेग वाढवत बसतं. खऱ्या आयएलएसमध्ये तर तीन अंशांच्या वर खोट्या ग्लाइडस्लोपही असतात, म्हणून ही सवय नुसत्या सिम्युलेटरपुरती नाही. एवढ्या बदलानेच निम्मी तक्रार मिटली.

उरलेली निम्मी समजायला वेळ लागला. लोकलायझरचा पट्टा नरसाळ्यासारखा असतो. नागपूरची धावपट्टी ३२०० मीटरची. तिथे दहा नॉटिकल मैलांवर आयएलएसचा काटा एक डॉट (मापकावरचा एक ठिपका) सरकला तर विमान मधल्या रेषेपासून ३०० मीटरच्या आसपास बाजूला असतं. धावपट्टीच्या तोंडाशी तोच एक डॉट म्हणजे जेमतेम ५० मीटर. म्हणजे जवळ येताना ऑटोपायलटने हात हलका करायला हवा. मोठ्या विमानांत तशी सोयच असते. माझ्याकडच्या एअरबस ए-३२० मध्ये काटा शेवटपर्यंत मधोमध राहतो. छोट्या सेसना १७२ मध्ये मात्र शेवटच्या तीनशे फुटांत झोका सुरू व्हायचा. सेसनात ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी सोय) नाही, हेही मी सुरुवातीला पुरेसं मनावर घेतलं नव्हतं. ग्लाइडस्लोप धरून ठेवायला ऑटोपायलट नाक वर-खाली करतो, पण पॉवर आपल्याच हातात. ती कमी पडली की तो इमानदारीने नाक उचलत राहतो आणि वेग ७० वरून ६०, ६० वरून ५५ असा घसरतो. काटा मधोमध आणि विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपण्याच्या, दारात! हे डोळ्यांनी पाहिल्यापासून ॲप्रोचवर, म्हणजे उतरायला येताना, माझी नजर काट्याइतकीच वेगावर असते.

मग एप्रिल आला. मार्चपर्यंत सुतासारखं सरळ येणारं तेच विमान पुन्हा डोलायला लागलं. माझ्या हातून काही बदललं नव्हतं. भाचा शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, "मामा, हे असं नागमोडी काहून चाललं?" मी सेटिंग तपासत बसलो, त्याने कॅबिनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. दुपारचे तीन, बाहेर ४४ अंश, कूलरची हवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला. प्रोसेसर तापून मंदावला होता आणि फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) चाळीसवरून पंधरावर आला होता. माझ्या सिम्युलेटरमध्ये ऑटोपायलटची आकडेमोड प्रत्येक फ्रेमबरोबर होते. फ्रेम उशिरा, तर दुरुस्तीही उशिरा, आणि उशिरा केलेली दुरुस्ती म्हणजे झोका. पंख्यांवरची धूळ काढली, ढग आणि झाडांची गुणवत्ता उतरवली, फ्रेम रेट तीसवर बांधून टाकला. त्याच संध्याकाळी काटा स्थिर. कधीमधी मिळणाऱ्या साठपेक्षा न हलणारे तीस कितीतरी बरे, हे मी आता कोणालाही छातीठोकपणे सांगेन.

उन्हाळ्याने आणखी एक शिकवलं. सिम्युलेटरमधलं हवामान मी बाहेरच्यासारखं खरं ठेवतो. मेमध्ये ए-३२० ग्लाइडस्लोपवर अगदी बरोबर असताना, धावपट्टीपासून पाच मैलांवर अल्टिमीटर (उंचीमापक) अपेक्षेपेक्षा दीडशे-दोनशे फूट कमी दाखवायचा. क्यूएनएच (अल्टिमीटरला दिलेला समुद्रसपाटीचा दाब) बरोबर, काटा मधोमध, तरी उंची कमी. दोन रात्री मी ऑटोपायलटलाच दोष दिला. खरं कारण हवा. ग्लाइडस्लोप ही जमिनीवरून आखलेली भौमितिक रेषा आहे, तर अल्टिमीटर हवेचा दाब मोजतो. तापून विरळ झालेल्या हवेत विमान खरोखर जितकं उंच असतं त्यापेक्षा तो कमी दाखवतो. उताराचा वेगही बदलतो. तीन अंशांच्या उतारासाठी जमिनीवरच्या वेगाला पाचने गुणायचं. १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट. पण ४३ अंशांत पडद्यावर वेग १४० दिसत असताना, वारा शांत असला तरी, जमिनीवरचा वेग १५० च्या घरात जातो आणि उतार ७५० च्या. म्हणजे ऑटोपायलट बरोबर होता, माझ्या डोक्यातला आकडा हिवाळ्यातला होता.

ऑटोलँडबद्दल, म्हणजे ऑटोपायलटनेच विमान टेकवण्याबद्दल, थोडक्यात. दिल्लीच्या धुक्यात ए-३२० तो सुंदर करतो, मात्र आडवा वारा २० नॉटच्या आत हवा, कारण खऱ्या विमानाची मर्यादाही तीच. नागपूरला मी २०० फुटांवर ऑटोपायलट काढतो आणि हाताने उतरवतो. काढण्याआधी जॉयस्टिक मोकळी, मधोमध आहे ना हे बघा. थोडी जरी कललेली असली तरी काढल्याक्षणी विमान त्या बाजूला झुकतं आणि दोनशे फुटांवर ते सावरायला वेळ नसतो.

सेसनाचा शेवटचा झोका वाऱ्याच्या झोतात अजून पूर्ण गेलेला नाही. तिथे मी आता ३०० फुटांवरच विमान हातात घेतो. सध्या पहाटे पाचला बसतो. खोली थंड असते, आणि कधीकधी मी उतरत असतानाच गच्चीवरून खऱ्या विमानाचा आवाज येतो.