स्थळ, साबर बोंडं, दशावतार… बघून जे जे वाटलं ते

'स्थळ'बद्दलच आधी लिहिते, कारण बाकीचे सिनेमे बघून झाले, थोडेफार विसरलेही, पण हा काही डोक्यातून जात नाहीये. ७ मार्च २०२५ला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी रिलीज झाला. पुण्यात आमच्या बाजूला एकच शो होता, तो पण रात्री साडेदहाचा, आणि आत आम्ही मोजून अकरा जण. मी मूळची वरोऱ्याकडची, नोकरीसाठी इथे येऊन नऊ वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मोठ्या पडद्यावर 'मले', 'तुले', 'कायले' असं बोलणारं माणूस दिसलं की ते बहुतेक हसवायलाच आणलेलं असायचं. कुठला तरी हवालदार, नाहीतर हॉटेलातला पोऱ्या. इथे बाप तसं बोलतो, आई तसंच बोलते, बीएला असलेली पोरगी तसंच बोलते आणि कोणीही हसवण्यासाठी बोलत नाही. पहिल्या दहा मिनिटांतच माझे डोळे भरून आले होते, तोवर रडण्यासारखं काही घडलंही नव्हतं.

गोष्ट सांगायला गेलं तर एवढीशीच आहे. सविता, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, समाजशास्त्र घेऊन शिकतेय, एमपीएससी करायची इच्छा आहे, आणि घरात तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. पाहुणे येतात, बसतात, पोरगी ट्रे घेऊन येते, मग स्टुलावर बसते, तेच ठरलेले प्रश्न, तीच उत्तरं, मग पाहुणे जातात आणि निरोपाची वाट बघणं सुरू. हे एकदा नाही, परत परत दाखवलंय, जवळपास त्याच अँगलने, त्याच शब्दांत. माझ्या शेजारी बसलेला मुलगा तिसऱ्या वेळी म्हणाला की अरे हे तर झालं ना मगाशी. अरे बाबा तेच तर सांगायचंय ना! ज्या पोरीला तिथे बसावं लागतं तिला पण तेच वाटतं, हे तर झालं ना मगाशी. सुरुवातीला एक सीन उलटा केलाय, म्हणजे बायका बघायला आल्यात आणि मुलगा खाली मान घालून उत्तरं देतोय, तेव्हा थिएटरात सगळे हसले, मी पण हसले. मग तोच सगळा प्रकार सवितासोबत सुरू झाला आणि हसू बंद झालं.

माझ्या ताईचं लग्न ठरेपर्यंत आमच्या घरी तेरा वेळा पाहुणे आले होते. मी तेव्हा नववीत, माझं काम म्हणजे शेजारून चांगले कप मागून आणायचे आणि पाहुणे आले की पाय धुवायला पाण्याची बादली बाहेर नेऊन ठेवायची. नाव, शिक्षण, उंची, मामेकुळ, आवड काय. मामेकुळ, म्हणजे मामाचं कुळ कुठलं, हा आमच्याकडचा खास प्रश्न, पुण्यात कोणाला सांगितला तर समजत नाही. ताईची आवड होती वाचन, पण आईने सांगून ठेवलं होतं की वाचन नको म्हणू, विणकाम म्हण. एका पाहुण्याने घरातल्या भिंतीशी उभं करून उंची बघितली होती तिची. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, सिनेमा बघून आल्यावर रात्री एक वाजता नवऱ्याला सांगत बसले.

जयंत सोमलकर यांचा हा पहिला मोठा सिनेमा, आणि त्यांनी गावातलीच माणसं घेऊन केलाय, अभिनय कधी न केलेली. नंदिनी चिकटे सविता झालीये आणि ती काही करतेय असं वाटतच नाही, नुसती बसलेली असते आणि आपल्याला तिच्या पोटातलं कळतं. बाप झालेले तारानाथ खिरटकर तर मला आमच्या काकांसारखेच वाटले, कापसाला भाव येईल म्हणून थांबायचं की पोरीच्या लग्नासाठी आहे त्या भावात काढून टाकायचा, ही घालमेल ते फक्त चालण्यातून दाखवतात. हुंड्याची बोलणी ज्या सहजपणे चालतात ना, जसं काही बैलाचा सौदा, तिथे दिग्दर्शकाने कुठलंही म्युझिक वाजवून आपल्याला सांगितलं नाही की बघा हे वाईट आहे. एक गोष्ट खटकली ती म्हणजे कॉलेजातल्या सरांचा भाग, तो अजून नीट यायला हवा होता, मधेच सुरू होतो आणि मनाचा ठाव घ्यायच्या आधीच दुसरीकडे वळतो. पण बाकी इतकं खरं आहे की तेवढं सोडून देते.

राग एकाच गोष्टीचा येतो. हा सिनेमा २०२३ला टोरंटोच्या फेस्टिवलला गेला, तिथे त्याला आशियाई सिनेमांसाठी असतो तो नेटपॅकचा पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे थिएटरात यायला दीड वर्ष. आला तर शो रात्री साडेदहाचा. ज्या बायकांनी हा बघायला पाहिजे त्या रात्री साडेदहाला कशा येणार? परत जायला गाडी नाही, घरी सांगायचं काय. मी दुसऱ्या आठवड्यात मैत्रिणींना घेऊन जायचं ठरवलं तर आमच्या बाजूला शोच नव्हता.

'साबर बोंडं'चं पण तसंच झालं थोडंफार. रोहन कानवडे यांचा सिनेमा, जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला वर्ल्ड सिनेमा ड्रामाटिक विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार घेऊन आला, सनडान्सला पोचलेला पहिला मराठी सिनेमा, आणि आमच्याकडे १९ सप्टेंबरला लागला तेव्हा ऑफिसात बऱ्याच जणांना नावच माहीत नव्हतं. बाप गेलाय म्हणून मुंबईतला आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथे त्याचा लहानपणीचा दोस्त बाळ्या भेटतो, आणि दोघांत जे आहे ते हळूहळू आपल्यासमोर येतं. आजूबाजूला नातेवाईक, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, लग्न कधी करतोस.

हा सिनेमा फार सावकाश जातो, हे आधीच सांगते. कॅमेरा एका जागी ठेवलेला, माणसं फ्रेममध्ये येतात, बसतात, उठून जातात, फ्रेमचे कोपरे जुन्या फोटोसारखे गोल. गाणं नाही, मागून कोणी व्हायोलिन वाजवत नाही. पहिली वीस मिनिटं मला जड गेली, खरं सांगते, पण मग कान लागला. सुतकाच्या घरात जसं असतं ना, कोणी मोठ्याने बोलत नाही, भांड्यांचा आवाज येतो, लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं, आणि दुपार संपतच नाही, तसं सगळं. माझे सासरे गेले तेव्हा ते दहा दिवस मी असेच काढलेत. आणि त्यातली आई, जयश्री जगताप यांनी केलेली! नवरा गेलाय, पण नातेवाईकांच्या प्रश्नांपासून पोराला कसं वाचवायचं हे तिच्या डोक्यात सतत चालू आहे. तिला पोराबद्दल माहीत आहे आणि ती त्याच्या बाजूने आहे. अशी आई रडारड करून, भाषण देऊन दाखवली असती तर मला पटली नसती, इथे ती जेवायला वाढता वाढता दाखवलीये म्हणून पटली. आनंद झालेला भूषण मनोज आणि बाळ्या झालेला सुराज सुमन, दोघांमधलं बोलणं पण असंच, अर्धी वाक्यं, मग गप्प. शेतावर, झाडाखाली. त्या दोघांसाठी मला फार वाटलं, म्हणजे पुढे काय होणार यांचं, अशी काळजी वाटते ना आपल्या माणसाची तशी.

त्याच्याच आठवडाभर आधी, १२ सप्टेंबरला 'दशावतार' आला आणि त्याला मात्र हाऊसफुल्ल गर्दी. चांगलंच झालं की, मराठी सिनेमाला रांग लागलेली बघून बरं वाटलं. दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते आणि त्यांनी बाबुली मेस्त्री म्हणून जे काम केलंय, त्याच्यासाठी हात जोडते. डोळ्यांनी दिसेनासं होत चाललेला म्हातारा दशावतारी, म्हणजे कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यातला नट, मुलगा म्हणतोय बाबा आता बास करा, आणि ह्यांना रंगमंच सोडवत नाही. तोंडाला रंग लावायला बसतात तो सीन बघा, हात थरथरतो पण रेघ सरळ येते. माझी जुनी रूममेट कुडाळची, तिच्यासोबत गेले होते, तिने इंटरवलमध्ये मला सांगितलं की दशावतारात लिहून दिलेली संहिता नसते, कोणाचा प्रसंग कुठे ते ठरतं आणि संवाद नट तिथल्या तिथे बोलतात, रंगरंगोटी ज्याची त्याने करायची, बायकांची कामं पुरुषच करतात, आणि देवळासमोर जत्रेत रात्रभर चालतं. हे कळल्यावर दुसरा भाग मी वेगळ्याच नजरेने बघितला.

आणि दुसऱ्याच भागाबद्दल थोडी तक्रार पण आहे. पहिला भाग बापलेकाचा, सिद्धार्थ मेननने मुलगा माधव छान केलाय, घरातलं भांडण, माया, सगळं हळू आणि खरं. मग सूड सुरू होतो आणि म्युझिक एवढं चढतं की आपल्याला काही वाटायला जागाच राहत नाही. खाणीचा विषय, जंगल वाचवायचं, हे सगळं माझ्या जिव्हाळ्याचं आहे, आमच्या चंद्रपुरात कोळशाच्या खाणींनी काय झालंय ते मी बघत मोठी झाले, म्हणूनच वाटलं की खलनायक इतके सरळ सरळ काळे नको होते. खरी माणसं गोड बोलून जमीन घेतात. रूममेटचं म्हणणं होतं की मालवणी पण सगळीकडे सारखी नाही, काही जण दोन वाक्यांनंतर पुण्याचं बोलायला लागतात. ती हे फार दुखावून बोलली, आणि मला लगेच कळलं तिला काय म्हणायचंय. तरी बघाच, कोकणची रात्र पडद्यावर अशी मी आधी पाहिली नव्हती, आणि प्रभावळकरांसाठी तर मी परत जाईन.

'जारण'वर जास्त लिहीत नाही, कारण थोडं जरी सांगितलं तरी मजा जाईल. करणीची गोष्ट आहे, अमृता सुभाष आहे, अनिता दातेने गंगुटी नावाची बाई केलीये आणि तिच्या नुसत्या उभं राहण्याने माझ्या अंगावर काटा आला. भीती आणि मनाचा आजार यात नक्की काय चाललंय हे शेवटपर्यंत धरून ठेवलंय. रात्री एकटीने बघू नका.

राहिला 'आता थांबायचं नाय!'. महाराष्ट्र दिनाला आला होता. मुंबई महापालिकेचे कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी करतात, खरी घडलेली गोष्ट आहे, शिवराज वायचळ यांनी केलाय. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव दोघंही नेहमीचं हसवणं बाजूला ठेवून काम करतात, आशुतोष गोवारीकर अधिकारी झालेत, ओम भुतकरचे शिक्षक मला सगळ्यात आवडले. काही ठिकाणी डोळ्यांत पाणी आणायचा जरा जास्तच प्रयत्न आहे, पण मी ते सगळं पाणी काढून दिलं कारण शेजारी आई बसली होती. ती उन्हाळ्यात माझ्याकडे आली होती, आठवीनंतर तिची शाळा सुटलेली. सिनेमाभर एक शब्द बोलली नाही. घरी येताना रिक्षात पण गप्प. मला वाटलं आवडला नाही की काय.

दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाहेरून दहावी करता येते म्हणे, थो सतरा नंबरचा फॉर्म, त्याले का का लागते?" मी म्हटलं शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आधार लागतं, बाकी बघून सांगते. तर लगेच म्हणाली, "दाखला माह्या बाबाच्या पेटीत असन. दादाले फोन लाव, पाहाले सांग." दादा म्हणजे माझा मामा, आर्वीला असतो. फोन लावला. पेटी माळ्यावर होती, मामाने दुसऱ्या दिवशी काढली, आणि दाखल्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, घडीवर फाटलेला, पण नाव आणि तारीख नीट वाचता येते.