घरच्या स्टोरेज सर्व्हरवर रूटलेस पॉडमन: सहा महिन्यांनंतर

पॉडमन म्हणजे डॉकरसारखंच, प्रत्येक ॲप वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं साधन. रूटलेस म्हणजे ॲडमिनच्या (रूट) अधिकारांशिवाय. सेटअप असा: डेबियन 13 (लिनक्स), त्यातलंच पॉडमन 5.4, 4 टीबीच्या दोन डिस्कचा झेडएफएस मिरर (दोन्हींवर तोच डेटा, पुढे यालाच पूल म्हटलंय), इमेज, म्हणजे ॲपचे तयार साचे, वेगळ्या एसएसडीवर. जेलीफिन (व्हिडिओ), सिंकथिंग (फाइल सिंक), पोस्टग्रेस (डेटाबेस), सगळं साध्या युजरखाली. डेबियन 12 वर हा खटाटोप नको. तिथे पॉडमन 4.3 आहे, आणि क्वाडलेट (छोट्या फाइलीतून कंटेनरची सिस्टिमडी सर्व्हिस बनवणारी सोय) आलं 4.4 मध्ये. क्वाडलेटशिवाय डॉकर सोडण्यात फारसा अर्थ नाही.

स्टोरेज सर्व्हरवर डॉकर आणि पॉडमनच्या वेगातला फरक जाणवतच नाही. खरी परीक्षा रीबूटनंतर पूल माउंट झाला नाही, म्हणजे आपल्या फोल्डरवर जोडला गेला नाही, तर होते. डॉकरला '-व्ही'ने दिलेलं फोल्डर सापडलं नाही, तर तो ते स्वतःच बनवतो आणि सिस्टिम डिस्कवर लिहीत सुटतो. नंतर पूल वर चढला की तो डेटा खाली झाकला जातो. पॉडमन एरर देऊन थांबतो. पण रिकामं माउंटपॉइंट फोल्डर शिल्लक असेल तर तोही फसतो. म्हणून क्वाडलेट फाइलच्या 'सर्व्हिस' विभागात 'एक्झेकस्टार्टप्री'मध्ये 'माउंटपॉइंट -क्यू' आणि पूलचा पाथ टाका, म्हणजे सुरू होण्याआधी पूल खरंच जोडलाय का ते तपासलं जातं. सोबत 'रीस्टार्ट' ऑन-फेल्युअर, 30 सेकंदांच्या अंतराने. पूल येईपर्यंत कंटेनर उठत नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी फाइलींच्या मालकीची. कंटेनरमधला पोस्टग्रेस यूआयडी (युजरचा क्रमांक) 999 असतो. सबयूआयडी (तुमच्या कंटेनरसाठी राखीव क्रमांक) 100000 पासून सुरू होत असेल तर होस्टवर तोच 100998 दिसतो. (कंटेनरमधला रूट म्हणजे तुम्ही स्वतः, म्हणून एक कमी.) सुडो लावून चाऊन (मालकी बदलणारी कमांड) करत बसू नका, 'पॉडमन अनशेअर चाऊन -आर 999:999' चालवा. सांबावरून (नेटवर्क शेअर) उघडायच्या फाइलींसाठी मात्र 'युजरएनएस=कीप-आयडी' बरं, मालकी तुमचीच राहते.

लॉगआउटनंतरही सर्व्हिस चालू ठेवणारं 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' विसरलात तर एसएसएचमधून बाहेर पडताच सगळं बंद. 1024 खालचे पोर्ट हवे असतील तर सिसकंट्रोलमधली (कर्नलच्या सेटिंग्ज) मर्यादा खाली आणावी लागते. जेलीफिनच्या हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी युजर 'रेंडर' ग्रुपमध्ये हवा, शिवाय 'ग्रुप-ॲड=कीप-ग्रुप्स', आणि रनटाइम (कंटेनर प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) सीरन.

ऑटो-अपडेट छान चालतं: नवी इमेज उठली नाही तर जुनीवर परततं. इमेजचं नाव 'डॉकर डॉट आयओ'पासून पूर्ण लिहा. पोस्टग्रेसला मात्र 'लेटेस्ट' (सर्वांत नवी इमेज) देऊ नका. मेजर व्हर्जन बदललं की जुनी डेटा डिरेक्टरी उघडत नाही.

इमिचसारखं (फोटो ॲप) कंपोझवर, म्हणजे डॉकरच्या अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या फाइलीवर, बेतलेलं ॲपच मुख्य असेल तर डॉकरच ठेवा. फक्त त्याचे पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलला बगल देऊन उघडतात, तेव्हा 127.0.0.1 वर (फक्त त्याच मशीनपुरते) बांधा.