फाटकावरचे ॲप: मनीषनगरच्या एका फ्लॅट स्कीममधून

आमच्या फ्लॅट स्कीममध्ये गेल्या दिवाळीपासून पाहुण्यांच्या नोंदीसाठी ॲप वापरले जाते. चौकीदार येणाऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक आणि छायाचित्र घेतो, संबंधित घराच्या फोनवर सूचना जाते आणि तेथून होकार आल्यावरच माणूस आत सोडला जातो. सुरक्षेच्या बाबतीत सेवा चोख आहे. जुन्या रजिस्टरमध्ये आधीच्या पाहुण्याचा क्रमांक मागून येणाऱ्या कोणालाही वाचता येत असे, तेही बंद झाले.

अडचण आहे ती ॲपने गृहीत धरलेल्या कुटुंबाची. एक घर, एक मालक आणि त्याच्या हातात सदैव फोन, असा हा हिशेब आहे. घरी आजी असतात, सूचना मात्र पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला जाते, आणि आजींच्या सख्ख्या बहिणीला मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात फाटकाशी ताटकळावे लागते. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेल्या सवाष्णींची एकेक करून छायाचित्रे काढणे तर कोणालाच रुचले नसते. त्या दिवसापुरता सामूहिक प्रवेशाचा कोड देण्याची सोय ॲपमध्ये आहे, ही जमेची बाजू.

तथापि, 'आपली एकत्र कुटुंबाची रीत, आपल्याला कसला आलाय खासगीपणा' हा समितीच्या बैठकीतला युक्तिवाद मला मान्य नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला आणि त्यांच्यापैकी न्या. शरद बोबडे हे तर नागपूरचेच. ही कल्पना परकी ठरवून बाजूला सारणे आपल्याला तरी शोभत नाही.

रीतीचा आधार घेऊन कोणाला वगळले जाते, हे ॲपमध्ये स्पष्ट दिसते. धुणीभांडी करणाऱ्या मावशींची येण्याजाण्याची वेळ, त्या कोणकोणत्या घरी काम करतात आणि घरमालकांनी त्यांच्या कामाला दिलेले तारे, म्हणजे गुणांकन, सर्व सदनिकाधारकांना पाहता येतात. मावशींना स्वतःला मात्र ते दिसत नाहीत, आणि त्यांनी घरमालकाला तारे देण्याची सोय अर्थातच नाही. त्यांच्या वतीने होकार कोणी दिला, तर समितीने. मुलांचेही तेच. सतरा वर्षांची मुलगी शिकवणीला निघाली की आईला सूचना मिळते आणि आईला ते हवेच असते. युरोपीय संघाच्या नियमांत ऑनलाइन सेवांसाठी स्वतः संमती देण्याचे वय सामान्यतः 16 आहे, सदस्य देशांना ते 13 पर्यंत खाली आणता येते; आपल्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. आपल्याकडील पालकांची काळजी मी समजू शकतो, पण मुलीला निदान सांगायला तरी हवे होते.

भाषेच्या बाबतीत निराशाच आहे. बटणे मराठीत, परंतु ज्या मजकुराखाली संमती घेतली जाते तो संपूर्ण इंग्रजीत. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद याच कायद्यात आहे आणि त्या 22 भाषांत मराठी आहे. कायद्याखालचे नियम 2025 मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, त्यामुळे कंपनीला आज सवड आहे, एवढेच.

तारे बंद करण्याचा अधिकार समितीकडे असतो, हे विक्रेता आपणहून सांगत नाही. आम्ही विचारल्यावर ते बंद झाले. ज्या सोसायट्या हे ॲप घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी करारापूर्वी मराठी संमतीपत्र, एका घरासाठी एकाहून अधिक फोनची नोंद आणि काम सोडून गेलेल्या व्यक्तीचे छायाचित्र पुसण्याची मुदत, एवढे लेखी मागून घ्यावे.