तालुक्याचा वार्ताहर की डेस्कवरचा उपसंपादक?

दोन्ही जागा एकदम समोर आल्या की बहुतेक जण आधी पैसे विचारतात. विचारावेतच, पण त्याआधी विचारा की जाहिरातींचं कोण बघणार. मी तालुक्याला वार्ताहरकी केली आहे आणि आता जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बसतो. तेव्हा माझं पारडं कुठे झुकलंय ते उघड आहे. तेवढं वजा करून वाचा.

वार्ताहराची मजा डेस्कवाल्याच्या नशिबी नाही, हे आधीच मान्य करतो. तहसील, पोलीस ठाणं, पंचायत समिती, बाजार समिती अशी फेरी मारली की तालुक्याची नाडी कळते. कांद्याचे लिलाव बंद पडले की व्यापाऱ्याच्या आधी हमालाचा फोन येतो. खड्ड्याची बातमी छापली की चार दिवसांत तिथे खडी पडलेली दिसते. 6 जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’च्या दिवशी, शाल-श्रीफळही मिळतं. शाल वर्षातून एकदा, मानधन दरमहा, पण मानधनात पेट्रोल भागलं तरी खूप.

मग उरतं आणलेल्या जाहिरातींवरचं कमिशन. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, 15 ऑगस्ट, नेत्यांचे वाढदिवस, सगळ्याला टार्गेट. तेही चाललं असतं. मला नडली ती वसुली. एका सरपंचांनी साहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात दिली. छापून आल्यावर ‘माझा फोटो बारीक का’ म्हणून आठवडाभर ऐकवलं आणि बिल काही काढेनात. शेवटी कार्यालयाने थकबाकी माझ्या कमिशनमधून वळती करून घेतली. त्याच सुमारास त्या गावच्या बायका घरकुलाच्या यादीची तक्रार घेऊन पंचायत समितीत आल्या. बातमी दिली, पैसे बुडाले. बुडाल्याचं एवढं वाटलं नाही; पण लिहिताना दर वाक्याला ते बिल आठवत होतं, ते मात्र नको झालं.

पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये उचलून धरल्या खऱ्या, पण तालुक्याचा माणूस सहसा पगारपत्रकावरच नसतो. डेस्कवरही हल्ली कंत्राटी नेमणुका वाढल्यात, म्हणजे तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही.

डेस्कवर नाव छापून येत नाही. आधी डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, पानं छपाईला सोडायची, मग शहराची, आणि घरी पोचेपर्यंत कुत्री ओळखीची होतात. लग्नकार्यात तुम्हाला कोणी धरत नाही. मात्रा चुकली की सकाळी फोन तुम्हालाच. पण व्हॉट्सॲपवर आलेल्या बातमीत पहिले दोन परिच्छेद उपस्थित मान्यवरांचे असतात आणि कालवा फुटल्याचं शेवटच्या ओळीत असतं. ती ओळ वर आणून तीन कॉलमांत शीर्षक बसवायचं, याची मला गोडी लागली. मान्यवरांतले दोन-चार तरी ठेवतो. त्यांच्यातच पुढच्या पुरवणीची जाहिरात असते, हे ठाऊक आहे ना.

पोर्टल किंवा यूट्यूब चॅनल काढणार असाल, तर जाहिरातीचं ओझं पूर्ण तुमच्याच डोक्यावर.

घरची शेती वा दुकान असेल, पोट बातमीवर नसेल, तर वार्ताहरकी झकास. माझ्यापेक्षा सुखी राहाल. नाहीतर मुलाखतीत थेट विचारा, जाहिरातीचं बिल थकलं तर कोणाच्या अंगावर? ‘ते आपण बघू’ असं उत्तर आलं, तर डेस्कची जागा घ्या.