थंडीत कुत्र्याला कुठे न्यावं: टेकडीवर की समुद्रावर?

दिवाळी सरली, पहाटे पांघरुणातून बाहेर यायचा कंटाळा येऊ लागला, की आमचा बंड्या साडेपाचलाच तोंडात पट्टा धरून दाराशी उभा असतो. उन्हाळ्यात डांबर तापतं, पावसाळ्यात चिखल आणि पायांना बुरशी. त्याला मनसोक्त हुंदडता येईल असे वर्षातले तीन महिनेच मिळतात. ते कुठे घालवायचे, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. गेले चार हिवाळे मी दोन्ही करून पाहिलंय: पुण्यातली, घराजवळची वेताळ टेकडी आणि दापोलीजवळचा कर्द्याचा किनारा.

टेकडीची बाजू भक्कम आहे. घरातून निघून दहा मिनिटांत पायथा, आठ वाजता परत घरी. ना सुट्टी काढायची, ना खोली शोधायची. डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरला की बंड्यासारखा केसाळ गडी धाप न लागता तास-दीड तास चढउतार करतो. घरात मांजर असेल तर हा फायदा दुप्पट. आमच्या चिंगीला घर सोडायला आवडत नाही, आणि टेकडीमुळे तिला एकटं ठेवावं लागत नाही. मोर आणि इतर पक्षी आहेत, म्हणून पट्टा मात्र सोडायचा नाही. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास झुडपांत अडकलेला नायलॉनचा मांजा दिसतो, त्यावरही नजर हवी. बंदी आहे, तरी सापडतोच. पायाला गुंडाळला आणि जनावराने हिसका दिला की कातडी चिरते.

एवढं सगळं असूनही माझा कल बदलला तो कुसळांमुळे.

ट्रेक करणाऱ्यांना कुसळं माहीत असतात, घरी येऊन मोज्यांतून एकेक उपटायची. कुत्र्याच्या बाबतीत गोष्ट तिथे संपत नाही. कुसळी गवताच्या बीचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस असतात. ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. वर त्याच्या शेपटीला पीळ असतो. ओल लागली की तो उलगडतो, सुकलं की पुन्हा वळतो आणि बी गिरमिटासारखं आत शिरतं. मातीत रुजायची ही त्याची सोय. पण थंडीतल्या सकाळी गवतावर दव असतं, आणि बोटांच्या बेचक्यातले केसही ओलेच असतात.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या मध्यात टेकडीवरून आल्यावर मी बंड्याला नेहमीसारखं विंचरलं. बरीच कुसळं निघाली. संध्याकाळी तो पुढचा डावा पंजा चाटायला लागला. वरून काही दिसेना, म्हणून मी मलम लावत राहिलो. तिसऱ्या दिवशी बेचक्यात बोराएवढी गाठ आली आणि त्याने पाय टेकणं सोडलं. डॉक्टरांनी भूल देऊन ती उघडली, आत नखाएवढं कुसळ. ती जखम भरते न भरते तोच महिनाभरात तो डोकं एका बाजूला कलवून सारखा कान झटकू लागला. दुसरं कुसळ कानात, पडद्यापर्यंत पोचलेलं. तो भूल उतरताना कण्हत होता ते अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर गवत उभं असताना त्याला टेकडीवर न्यायला माझं मन धजत नाही.

आखूड केसांचा गावठी कुत्रा असेल, तर तुमचा अनुभव कदाचित वेगळा असेल. रुंद मळलेल्या वाटेवरच चाललात तरी धोका कमी होतो. पण कुत्रा वास घेत गवतात तोंड घालतोच, त्याला किती ओढणार? अचानक शिंकांचा सपाटा लागला, एक डोळा मिटून ठेवला, एकच बेचकं चाटत राहिला, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. गोचिडांचं म्हणाल तर त्याला औषध आहे. कुसळाला नाही.

किनाऱ्याची कटकटही कमी नाही. पुण्याहून पाच-सहा तास, ताम्हिणीची वळणं, आणि उपाशीपोटी नेला नाही तर गाडीत ओकारी. कोकणात थंडी सकाळपुरतीच, त्यामुळे नऊच्या आत आणि साडेचारनंतरच वाळूवर जायचं. खारं पाणी प्यायला की उलट्या-जुलाब होतात, म्हणून दर दहा मिनिटांनी गोडं पाणी पाजावं लागतं. लाटेने टाकलेले मासे हुंगू द्यायचे नाहीत. फुगलेल्या पोटाचा केंड मेलेला असला तरी विषारी, आणि जाळ्याच्या तुकड्यात गळ अडकलेला असू शकतो. वाळूवर गाड्या पळवणारे असतात तेव्हा पट्टा लावायलाच हवा. याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि कुत्री घरटी उकरतात. त्यामुळे वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी मी बंड्याला नेतच नाही. इतर किनाऱ्यांवरही भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत त्याला मोकळं सोडत नाही.

तरीही ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर तो धावतो तेव्हा माझा जीव शांत असतो. बंड्या आता नऊ वर्षांचा आहे. थंडीत त्याचे मागचे सांधे आखडतात आणि टेकडी उतरताना तो थबकतो, तसा सपाट वाळूवर कधी थबकला नाही. परतल्यावर गोड्या पाण्याने धुतला, कान कोरडे केले आणि वारा लागायच्या आत टॉवेलने पुसला की झालं. वाळू गाडीत महिनाभर सापडते, पण ती कुणाच्या कानात रुतत नाही.

राहता राहिली चिंगी. तिला सोबत न्यायचा हट्ट करू नका, मांजर घराचं असतं. आम्ही दोनच रात्री जातो. खालच्या मजल्यावरच्या काकू दोन वेळा येऊन खाणं-पाणी बघतात आणि अर्धा तास तिच्यापाशी बसतात. उन्हाच्या खिडकीत घोंगडीची घडी ठेवतो. हीटर मात्र बंद. बाल्कनीला जाळी लावून घेतलीय. निघताना बॉनेटवर दोन थापा मारतो, कारण थंडीत सोसायटीतली मांजरं इंजिनाच्या उबेला आत जाऊन बसतात.

तुमच्याकडे शनिवार-रविवारही मोकळा नसेल तर टेकडीच बरी. मग गवत कापलं जाईपर्यंत मळलेली वाट सोडू नका, बेचक्यांतले केस आखूड ठेवा आणि खिशात चिमटा असू द्या. जमत असेल तर मी किनाराच सुचवेन. खोलीवाल्यांना कुत्रा येतोय हे आगाऊ रक्कम पाठवण्याआधीच फोनवर सांगा. डिसेंबरात शनिवारच्या खोल्या लवकर भरतात.