टेस्टरवर सगळे दिवे लागले, तेवढ्यावर पैसे देऊ नका

गाडीला ट्रेलरचं सॉकेट (ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग जोडायची जागा) बसवून घेणार असाल तर हे आधी वाचा. मी बसवून घेतलं तेव्हा बिलावर तीन गोष्टी होत्या: तेरा पिनांचं सॉकेट, बॅटरीवरून सप्लाय घेणारं मॉड्यूल आणि तांब्याची वायर. गाडीत त्यातलं निघालं फक्त सॉकेट, तेही अर्धं रिकामं.

नव्या गाड्यांत बल्ब किती करंट घेतोय यावर गाडीचा कंप्युटर लक्ष ठेवून असतो. मागच्या दिव्यांच्या वायरीला जोड मारून ट्रेलरचे दिवे चालवले, की डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खोटी सूचना येते, नाहीतर ते सर्किटच बंद पडतं. मॉड्यूल गाडीच्या वायरीतून नुसता सिग्नल घेतं. दिव्यांना लागणारा करंट थेट बॅटरीकडून, वेगळ्या फ्यूजमधून येतो. या कामात महाग तेच, आणि एकदा पत्रा-अस्तर बंद झालं की ते आहे की नाही हे बाहेरून कोणालाही कळत नाही. हात मारायला याहून सोयीची जागा कुठली?

काम झाल्यावर सॉकेट बसवणाऱ्याने त्याला छोटा एलईडी टेस्टर लावून दाखवला. डावा, उजवा, ब्रेक, टेल, सगळं लख्ख. खरी मेख इथेच आहे. टेस्टरचा एलईडी नावापुरता करंट घेतो. गंजलेल्या, अर्धवट जोडावरही तो पेटतो. ट्रेलरचा ब्रेकचा साधा बल्ब असतो २१ वॉटचा. दोन ब्रेकचे, दोन इंडिकेटरचे आणि टेल धरले तर शंभरेक वॉटचा भार होतो, म्हणजे बारा व्होल्टवर आठ अँपिअरच्या आसपास. लाइटचा हा सगळा करंट परत जातो तीन नंबरच्या पिनेतून, एकाच अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या, वायरीने.

ट्रेलर जोडल्यावर ब्रेक दाबला की टेल मंद व्हायचे आणि इंडिकेटरबरोबर भलतेच दिवे मिणमिणायचे. असं दिसलं की आधी अर्थिंगवर संशय घ्यावा. सगळे दिवे चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून सॉकेटच्या अर्थ पिनेपर्यंत मल्टीमीटर लावला, तर एक व्होल्टच्या वर ड्रॉप, म्हणजे तेवढं व्होल्टेज वाटेतच वाया. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा होता.

मग अस्तर उघडलं. मॉड्यूलचा पत्ताच नाही. मूळ वायरींवर त्या निळ्या दाबायच्या क्लिपा. त्यांचं पातं इन्सुलेशनबरोबर आतल्या दोन-चार ताराही कापतं आणि पाणी शिरायला वाट करून देतं. अर्थचा स्क्रू रंग न खरवडता तसाच पत्र्यावर आवळलेला. वायरीचं टोक ब्लेडने खरवडलं तर वर तांबूस आणि आत चांदीसारखं पांढरं, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याच जाडीत त्याचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त, आणि ओल लागली की जोडापाशी ते लवकर खराब होतं.

सॉकेटमध्ये आठपासून तेरापर्यंतच्या पिना रिकाम्या. रिव्हर्सचा दिवा आणि ट्रेलरमधल्या बॅटरीचा किंवा फ्रिजचा सप्लाय त्यांच्यातून जातो. नुसते दिवे चालवायचे असतील तर सात पिनांचं सॉकेट पुरतं. तेरा पिनांचे पैसे मोजत असाल तर मागचं झाकण काढून पिना मोजा. (पिनांची मांडणी सगळीकडे सारखी नसते, तुमच्या ट्रेलरचा प्लग बघूनच सॉकेट ठरवा.)

जाब विचारला तर उत्तर, "साहेब, लाइट लागतात ना? मग मॉड्यूल काय चाटायचंय?" अस्तर उघडताना काढलेले फोटो आणि त्याच्याच अक्षरातलं बिल शेजारी शेजारी ठेवल्यावर सूर बदलला. मॉड्यूलचे पैसे परत मिळाले. काम करताना प्रत्येक जोडाचा आणि मॉड्यूलच्या लेबलचा फोटो मागून घ्या, आणि टेस्टरऐवजी खरा ट्रेलर लावून, सगळे दिवे एकदम पेटवून बघा. वायरीच्या पैशांवर मात्र तो अजून अडून बसलाय. खरवडलेला तुकडा हातात घेऊन म्हणतो, माल मागूनच असा येतो.