कबरीचा दगड: जालन्यातल्या एका ग्रॅनाइट दुकानाचं काम कसं आहे?

किचनचे ओटे आणि जिन्याच्या पायऱ्या कापणारं हे दुकान ख्रिस्ती कबरींचे दगडही करून देतं. दगड अस्सल, अक्षरं सुबक. बसवणी मात्र उभं राहून करून घ्यावी लागते.

माल काळा ग्रॅनाइट. दुकानदार स्वतःहून थिनरचा बोळा फिरवून दाखवतो. बोळ्याला काळं लागलं तर तो रंग चढवलेला करडा दगड समजायचा. स्वस्त पडतो म्हणून पुष्कळजण कडप्पा मागतात, पण तो चुनखडीचा. उन्हापावसात त्याचा काळेपणा उडतो, पापुद्रे सुटतात. कबरीसाठी तो इथे देतच नाहीत, हे बरं केलं. अडीच फूट उंच, दीड फूट रुंद, दोन इंच जाड दगड पन्नास किलोच्या आसपास भरतो, दोघांत उचलता येतो. तीन बाय दोन फूट, तीन इंची घेतला तर ११५ ते १३० किलो. चार माणसं सांगून ठेवा.

अक्षरांच्या जागा कापलेलं स्टेन्सिल दगडावर चिकटवून अक्षरं सँडब्लास्टने, म्हणजे वाळूच्या झोताने, कोरतात, खोली २ ते ३ मिलिमीटर. यात खरी मेख बारक्या अक्षरांची. ‘ब’च्या पोटातले स्टेन्सिलचे इवलेसे तुकडे वाळूच्या माऱ्याने उडाले की आख्खं पोट खोदलं जातं, मग ‘ब’ कुठला आणि ‘व’ कुठला ते कळत नाही. म्हणून नाव किमान दीड इंची आणि बायबलचं वचन एक इंची घ्या. संपूर्ण वचनाऐवजी ‘योहान ११:२५’ एवढंच कोरलं तरी चालतं. सोनेरी रंग भरून देतो म्हणाले तर नको म्हणा. दोन-तीन उन्हाळ्यांत तो सोलून निघतो. न भरलेली अक्षरं काळ्यावर पांढुरकी उठून दिसतात.

एक गोष्ट खटकली. दुकानदार चर्च कमिटीचं पत्र न मागताच अॅडव्हान्स घेऊन कापायला लागतो. उंची किती चालेल, भोवती कट्टा बांधू देतात का, फोटो कोरलेला चालतो का, हे प्रत्येक दफनभूमीत वेगळं असतं. पुढे त्याच कबरीत जोडीदाराला ठेवायचं असेल तर वरची लादी सुटी ठेवावी लागते, तेही आधीच विचारायला हवं. पूर्ण मापाचा कागदी प्रूफ काढून पाळकसाहेबांना किंवा फादरना दाखवा, घरच्या दोघांच्या सह्या घ्या आणि मगच ब्लेड चालू द्या. आडनावाची वेलांटी आणि जन्मसाल दोनदा वाचा.

आता बसवणी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ताज्या कबरीची भर तर खचतच राहते. एक पावसाळा जाऊ द्यावा. तोवर लाकडी क्रूस पुरे. दुकानाचे कामगार भरावावरच चार विटा मांडून दगड उभा करू पाहतात. तो पुढच्या आषाढात कलणार हे ठरलेलं. पाया खड्ड्याबाहेर, डोक्याकडच्या न उकरलेल्या जमिनीत घ्यायला लावा: दीड-दोन फूट खोदून, मुरुमाचे सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसायचे, वर सहा इंच काँक्रीट. दगड आणि बैठक यांच्यात १२ मिलिमीटरच्या दोन स्टेनलेस सळ्या, दोन्हीकडे तीन-तीन इंच आत, इपॉक्सी गोंदात. साधी लोखंडी सळी गंजून फुगते आणि दगड तिथेच तडकतो. ही सामग्री दुकानात नसते, आणून द्यावी लागते.

पैसे अक्षरावर घेतात, दगडाचे वेगळे. जोडाक्षर एकच धरतात, तरी पावतीवर लिहून घ्या. २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधी कॅथलिक घरांची झुंबड असते, त्यामुळे ऑर्डर ऑगस्टमध्ये द्या आणि पाऊस सरून जमिनीला वाफसा आला की बसवून घ्या. वाहतूक शहरापुरतीच दरात धरलेली आहे. अंबड, परतूरकडे न्यायचा असेल तर टेम्पो आपला.